सात गुणिले सात

सुमन आज सकाळी गेली. तिची गोष्ट मी मारून टाकली होती.

सत्त्याण्णव साल. शिरूरचं कॉलेज, एस.वाय.बी.एस्सी. सुमन मूळची पाटसची, शिकायला मामांकडे राहायची.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं शनीकडे निघालेल्या यानाची गोष्ट लिहिली. यान खोटं, पण फिजिक्स खरं हवं, हा तिचा हट्ट. लॉग टेबल घेऊन महिनाभर बसली होती.

तिचा हिशेब असा. स्पीड घ्यायचा तर निघताना फ्युएलसकट वजन रिकाम्या यानाच्या सातपट लागतं. पोचल्यावर थांबायलाही तसंच सातपट. पण थांबायचं फ्युएल आधीपासून वाहून न्यावं लागतं, म्हणजे निघताना ते सातपट वजनच ढकलायचं, म्हणून सात गुणिले सात. एकोणपन्नासपट.

एवढं फ्युएल नसतं, म्हणून सहा अंतराळवीरांपैकी दोघांना मागं ठेवून यान निघतं. सगळी गोष्ट त्या दोघांची.

विद्यार्थी संपादक मी. विज्ञानकथा एकच घ्यायची होती, आणि दुसरी माझी होती.

लॅबमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "सात आणि सात चौदा होतात, सुमन. कुणाला मागं ठेवायची गरजच नाही."

सगळे हसले.

ती बरोबर होती. बोलताना मला ते माहीत होतं.

तिनं कागद परत घेतले. माझी कथा छापून आली. वर्ष संपेपर्यंत पोरं तिला 'एकोणपन्नास' म्हणायची. ते नाव मीच पाडलं.

पुढं लग्न होऊन ती दौंडला गेली. दहावीच्या ट्यूशन घ्यायची. मी फिजिक्सचा लेक्चरर झालो. रॉकेटचं तेच समीकरण दरवर्षी फळ्यावर लिहितो.

कॉलेजनंतर आठ वर्षांनी दौंड स्टेशनवर भेटली. गाडी लेट होती. मी विषय काढायच्या आत तीच बोलली.

"त्या दिवशी घरी जाऊन तीनदा सोडवलं. एकोणपन्नासच येत व्हतं."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"गणित बरोबर हाय हे कळलं. पण माझी गोष्ट पुरी वाचलेला तू एकटाच व्हतास. तुलाच ती नको व्हती. मग कुणासाठी लिहायचं?"

सगळ्या वह्या बंबात घातल्या, म्हणाली. परत काही लिहिलं नाही.

मी हात जोडायला गेलो.

"माफी मागू नको. तुला बरं वाटंल. मला ते नकोय."

गाडी आली. ती लेडीज डब्यात चढली, मागं वळून पाहिलं नाही.

आज तिच्या मुलीचा फोन आला. बोलण्यावरून कळलं, आई लिहायची हे तिला माहीतच नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं.

ते इथं लिहितोय. तिच्या मुलीनं वाचलं तर वाचू दे.

सुमन, माफी मागत नाही.

नीट जा.