लांब तळाची बोट

आमचे हे, म्हणजे भालचंद्र, जन्मले वेंगुर्ल्याला. आयुष्य गेलं दिल्लीत सरकारी नोकरीत. आणि निवृत्त झाल्यावर बोट बांधायला बसले कुठे, तर गुरुग्रामच्या पलीकडे, शेतातल्या एका शेडमध्ये. समुद्र तिथून हजारभर किलोमीटर लांब! दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातले आमचे जुने शेजारी हसायचे. सुरुवातीला मीही हसायचे.

बरं, साधी होडी बांधावी, तर तेही नाही. जुन्या पद्धतीची, शिडाची, महासागर ओलांडणारी लोखंडी बोट हवी. तिचा तळ पुढच्या टोकापासून मागच्या सुकाणूपर्यंत एकसंध, खोल आणि जड. "असा तळ असला की वादळातही बोट दिशा सोडत नाही," हे सांगायचे. "वळायला मात्र जरा वेळ लावते." लावणारच! बांधणारा कोण? एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी वळायचा नाही.

शेडच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं. ते बंद करून अंडरपास करणार अशी पाटी लागली, तेव्हाच मी कानीकपाळी ओरडले, "अहो, आत्ताच हलवा ती बोट. पुलाखालून ती जायची नाही." तर म्हणे, अर्धवट बोट हलवत नाहीत. अंडरपास झाला. त्याच्याच खालून हे रोज स्कूटरवर बोट बांधायला जात राहिले. काय बोलायचं अशा माणसाला?

गेल्या महिन्यात ती जमीन विकली गेली. आता तिथे टॉवर उभा राहणार. बोट समुद्राकडे न्यायला ट्रेलरवाला वेल्डरला घेऊन आला, टेप लावली आणि मान हलवली.

"साहब, अंडरपास से नहीं निकलेगी. नीचे का हिस्सा काट देते हैं, वहाँ पहुँचकर जुड़वा लेना."

"कापून जोडलेल्या तळावर माझा भरवसा नाही," हे म्हणाले.

मी भडकलेच. "अच्छा, म्हणजे भंगारात गेलेली चालेल? कधीतरी ऐका ना कोणाचं!"

बोटीच्या पोटावरून हे एकदा हात फिरवत गेले. मग तिथेच विटांवर बसले.

"काप म्हणून सांग त्याला, कुमुद. तुझंच बरोबर होतं."

उभ्या संसारात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. वेल्डरनं कटर पेटवला. "बोलिए माताजी, काटूँ?"

मला नुसतं हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "रुको!" आणि रागानं मला रडूच फुटलं. इतकी वर्षं ज्या बोटीला शिव्या घातल्या, ती आता माझ्याच्यानं कापवेना, आणि वाचवताही येईना.