सोबत कोण आहे?

दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला की मला माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ती सकाळ आठवते. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ मोहोळला, नणंद चार गल्ल्या पलीकडे शुक्रवार पेठेत, आणि दोघंही 'कधीही हाक मार' असं सांगून गेलेले. तरी मी एकटीच रिक्षा करून गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हणाले, "मुलगा खाली गाडी लावतोय." मला मुलगा नाही. ऑपरेशन झाल्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधून मला बाकावर बसवलं. पंखा कुरकुरत होता, खिडकीतून उन्हाची झळ येत होती, आणि शेजारी एक सून सासूला चहात बुडवून बिस्किट भरवत होती. मी दाराकडे बघत बसले, जणू खरंच कुणी येणार होतं. तासाभराने तिथल्या आयाबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "लई लांब लावली की गाडी तुमच्या लेकानं." मी मान खाली घातली. त्यांनीच मला हाताला धरून जिना उतरवला, रिक्षात बसवलं आणि म्हणाल्या, "आज चुलीपाशी जाऊ नगा, ताई." नणंदेला हे कळलं तेव्हा ती रडलीच. "वहिनी, एक फोन केला असता तर मी आले नसते का?" आली असती, हे मला ठाऊक होतं. पण वर्षभरात तिने आपणहून एकदाही माझं दार वाजवलं नव्हतं. आज तीन वर्षं झाली, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.