मी रद्द केलेला मासा

ऐका हो ऐका! मरीन परेडच्या एका फ्लॅटमधून अत्यंत गंभीर निवेदन करण्यात येत आहे. हातातली चकली खाली ठेवा, टीव्हीचा आवाज बंद करा, शक्य असल्यास उभे राहा. कारण हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट राहू शकते, यावर सिंगापुरातला एकही मराठी माणूस विश्वास ठेवणार नाही.

सांगतो. जरा दम घेऊ द्या.

मी जुगारी नाही, बरं का. इथल्या झगमगत्या कॅसिनोत मी पाऊल टाकत नाही. पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, झाल्यापासून आत शिरायलाच पैसे पडतात, आणि हरायचे ते वेगळे! पण जुगाराच्या जुन्या वस्तू – हाडाचे फासे, पिवळे पडलेले पत्ते, जुगारखान्यांचे बिल्ले – दिसल्या की मी माणसात राहत नाही. व्हेनिसमधले लोक मुखवटे घालून कसे खेळायचे, ते मला विचारा. सयामातले, म्हणजे आताच्या थायलंडमधले, चिनी जुगारखाने विचारा. तिथे चिनी मातीचे चिमुकले रंगीत बिल्ले चालत, प्रत्येक जुगारखान्याचे वेगळे. सुट्ट्या नाण्यांची चणचण होती, म्हणून लोक तेच बिल्ले देऊन बाजारात भाजीसुद्धा घेत. मग नकली बिल्ल्यांचा सुळसुळाट झाला की जुगारखान्याचा मालक थाळी बडवत माणूस फिरवी – आजपासून हे बिल्ले रद्द! एका दवंडीत खऱ्याचीही माती.

ही दवंडी लक्षात ठेवा. मला पुढे लागणार आहे.

दर दिवाळीत पाडव्याला आमच्या घरी चार मराठी कुटुंबं जमतात. तो दिवस द्यूतप्रतिपदेचा, म्हणजे खेळायला शास्त्राचाच आधार. पत्ते पिसले जातात, आणि त्याआधी मी डबे उघडून माझे बिल्ले दाखवतो. प्रत्येकाची एक गोष्ट, तीही अभिनयासह. सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. खरं सांगू? वर्षभर मी त्या टाळ्यांवर जगतो.

आणि तिथे मोघे आला.

मोघे माझ्यापेक्षा बराच लहान. राहतो हौगांगला, तुआसला जहाजदुरुस्तीत इंजिनिअर आहे. माझ्या गोष्टी ऐकूनच त्याला हा नाद लागला. मला ‘गुरुजी’ म्हणायचा – चेष्टेनं नाही हो, मनापासून. बिल्ला कसा पारखायचा, ते मीच त्याला शिकवलं. आता शिष्यानं गुरूच्या पुढे जाऊ नये, असं कुठं लिहिलंय? कुठंच नाही. पण माझ्या छातीत लिहिलेलं होतं, त्याला काय करू?

कामासाठी तो बँकॉकला गेला होता. परतल्यावर मला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं. कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप बाजूला सारले, खिशातून रुमाल काढला आणि एकेक घडी उलगडली. आत मासा होता. चिनी मातीचा, निळा, बोटाच्या पेराएवढा, शेपटी किंचित वळलेली, पोटावर एक चिनी अक्षर. कुठल्याशा म्हातारीच्या बटणांच्या डब्यात सापडला म्हणाला.

तुम्हाला कळायचं नाही. माझ्याकडे गोल बिल्ले आहेत, फुलाच्या आकाराचे आहेत. मासा नाही. किती वर्षं मी त्या माशासाठी जीव टाकत होतो – आणि हा काल शिकलेला माणूस तो बटणांतून उचलून आणतो?

मी काठावरून नख फिरवलं. नव्या नकलेचा काठ नखाला खरखरतो. हा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता – न जाणो किती जुगाऱ्यांच्या बोटांनी झिजलेला. खरा होता. शंभर टक्के खरा. मोघे माझ्या तोंडाकडे बघत होता, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसा.

आणि मी – हसलो. तेच तर वाईट. छान, प्रेमळ हसलो. म्हणालो, “गोड आहे हो, मोघे. पण टुरिस्टांसाठी करतात असले.”

वाजली थाळी. झाला रद्द.

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. थांबा, माझं संपलेलं नाही. याच्यापुढे मी जे केलं ते मला जास्त झोंबतं. मी म्हणालो, “टाकून कशाला देता? मला द्या, नकलांच्या डब्यात ठेवतो.” म्हणजे पाहा – नुसतं खोटं बोललो नाही, हातही पुढे केला!

तर तो जीभ चावून म्हणाला, “छे, गुरुजी! खोटी वस्तू तुम्हाला कशी द्यायची?” आणि रुमाल पुन्हा खिशात.

यंदाच्या पाडव्याला सगळे जमले. मोघेची बायको वैशाली आली, आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात – मासा. तुआसच्या वर्कशॉपमधल्या बारीक ड्रिलनं मोघेनं त्याला डोळ्याच्या जागी भोक पाडलं होतं आणि बायकोला पाडव्याची ओवाळणी म्हणून घातला होता. त्या दिवशी मी डबे उघडले, पण गोष्टी जमेनात. सगळ्या बायका त्या माशाभोवती. माझे गोल बिल्ले टेबलावर तसेच. आणि लाज वाटण्याऐवजी मला काय वाटलं असेल? पुन्हा हेवाच! भोक पाडलेल्या माशाचा, तो मिरवणाऱ्या गळ्याचा, कौतुकानं बायकोकडे बघणाऱ्या त्या भाबड्या माणसाचा.

तेव्हा बोलता आलं असतं. मी पत्ते पिसत राहिलो. आजही मोघेला ठाऊक नाही.

मी टक लावून बघतोय हे वैशालीच्या लक्षात आलं. तिनं मासा बोटांत धरला, आणि भर बैठकीत, मोघे “अगं, अगं” करेपर्यंत बोलूनही गेली –

“बरं झालं हो, भाऊजी, खोटा निघाला! खरा असता तर हे तुम्हालाच देणार होते, गुरुदक्षिणा म्हणून!”