आधी मशीन टेबलावर

आमच्या घरात पाणी यायचं ते सांगूनसवरून. आधी मामा यायचा. तळ्याच्या दरवाजांवर त्याची नोकरी, आणि तळ्यातून सुटणाऱ्या कालव्याला लागून, सगळ्यांत खोलगट जागी आमचं घर. डोंगरावर ढग दाटले की तो खाली उतरायचा, आईचं शिवणाचं मशीन उचलून टेबलावर ठेवायचा, "ताई, सोडतो गं," म्हणायचा आणि वर जाऊन दरवाजा वीतभर उघडायचा. काठोकाठ भरायच्या आधीच तळं थोडं रिकामं केलं नाही, तर बांध फुटून कालव्याच्या वळणापलीकडची सगळी वस्ती वाहून जाईल, असं त्याचं म्हणणं.

आई पाय वर घेऊन खाटेवर फुगून बसायची. मला मात्र ते पाणी आवडायचं, खोटं कशाला बोलू! उंबरा ओलांडून ते पाहुण्यासारखं हळूच आत यायचं. चपला या खोलीतून त्या खोलीत फिरून यायच्या. छतावर उजेड हलत राहायचा आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. "सख्खा भाऊ, पक्का वैरी," शेजारीण म्हणायची. तिचं घर उंचावर, तिचं काय जातंय!

त्या वर्षी आईचा पाय मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मामा आला, मशीन टेबलावर ठेवलं आणि खाटेच्या कडेला बसूनच राहिला. पाऊस एका सुरात पडत होता. वर तळं फुगत होतं आणि हा प्लास्टरकडे बघतोय.

"जा की," आई म्हणाली.

"तुला शेजारी नेऊन ठेवू?"

"तिच्याकडे? त्यापेक्षा बुडते मी."

"मग यंदा नाही उघडत."

 आईने टेबलावरच्या मशीनकडे बोट दाखवलं. "दरवर्षी मशीन उचलतोस ना? आता मला उचल. ने वर."

कायम कंबर धरून चालणारा मामा तिला पाठुंगळी घेऊन बांध चढला. मागून मी, एका हाताने तिचा पाय सावरत, दुसऱ्या हातात छत्री. इतक्या वर्षांत आई रागापायी तिथे कधी फिरकलीच नव्हती. तळं धुक्यात होतं, नुसतं काठाशी चुबुकचुबुक ऐकू येत होतं. दरवाजाच्या खोलीत मामाने तिला स्टुलावर बसवलं आणि लोखंडी चाक फिरवलं. तांबूस पाणी कालव्यातून सावकाश निघालं, आमच्या अंगणात शिरलं, दारातून आत गेलं.

मग धुकं जरा सरकलं. वळणापलीकडे छपरांमागे छपरं दिसायला लागली. कुणीतरी दारात बसून भांडी घासत होतं.

"एवढी घरं झालीत तिथे?" आईने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, तू माझंच बुडवतोस."

"तुझंच बुडवतो, ताई," मामा म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

आईने पुढे वाकून चाकावर हात ठेवला.

"मशीन टेबलावर आहे ना? मग फिरव अजून."