इंजिनावर ठेवलेला गिलास

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला डायलिसिस सेंटरच्या बाहेर गाडीत बसलो होतो. बाबा आत होते. चार तासांपैकी सव्वा तास झाला होता. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "भाऊजी सकाळीच गेले... आंघोळीले उठले अन् तिथंच बसले." मी "बरं" म्हणालो. बरं हा काय शब्द झाला! पण त्याहून वाईट म्हणजे, डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात आलं, आता गाडी कोणाला दाखवायची? दीड महिना झाला. तो विचार मी घरातही कोणाला सांगितलेला नाही. इथे लिहितो, कारण ते वगळून सुधाकरबद्दल लिहिणं खोटं होईल.

धाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तेराच्या पाढ्याला तो अडखळायचा, पण बाहेरून एसटी गेली की मान न वळवता सांगायचा, "हे कालचीच गाडी हाय, खोकते." पुढे मी गणिताचा मास्तर झालो आणि त्याने बुलढाणा रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. पाटी कधी लावली नाही. त्याच्याकडे गाडी आली की आधी शेजारच्या चहावाल्याचा रेडिओ बंद व्हायचा. मग तो ऐकायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं डायलिसिस सुरू झालं, मंगळवार आणि शुक्रवार. त्याच सुमारास गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. पळताना काही नाही. गतिरोधकाशी पाय उचलला की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. धाड ते बुलढाणा गतिरोधक सतरा. मी वहीत सगळं लिहीत होतो: वार, वेळ, ठिकाण, किलोमीटर. पाच आठवड्यांत चौदा वेळा. मी आधी शहरात संगणक लावून तपासणाऱ्यांकडे गेलो. दोन ठिकाणी प्लग बदलले आणि गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं.

मग एका बाजाराच्या दिवशी ती भर गर्दीत बंद पडली. पाच वेळा चावी फिरवली. मागचा जीपवाला ओरडला, "काका, धक्का मारू का पाया पडू?" लोक हसले. बाबा मागच्या सीटवर दाराची मूठ धरून बसले. आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोहोचलो. बाबांचं मशीन दुसऱ्या रुग्णाला दिलेलं होतं. दुपारी तीनपर्यंत थांबावं लागलं. पाय इतके सुजले होते की चपला मी हातात धरल्या होत्या...

दुसऱ्या दिवशी सुधाकरकडे गेलो.

"आला का बे? मोठ्या डॉक्टरायनं हात टेकले वाटते."

मी वही पुढे केली. काळं बोट ओळीवरून फिरवत त्याने ती सगळी वाचली. इतक्या नीट ती मीही वाचली नव्हती.

"चौदाच्या चौदा वेळा जातानीच बंद पडली. येतानी काऊन नाही?"

"मले काय माहीत?"

"येतानी बाबा काय करतात?"

"शाल घेऊन पडतात. डायलिसिस झालं की थंडी वाजते त्यायले."

"मंग एसी?"

"बंद ठेवतो."

"अन् जातानी चालू! मास्तर, सारं लिहिलं, हे नाही लिहिलं."

त्याने पाण्याने भरलेला स्टीलचा गिलास इंजिनावर ठेवला. गाडी चालू केली. पाण्यावर बारीक वर्तुळं. एसी लावला, तसं पाणी काठाबाहेर उडालं आणि इंजिन बंद. एसीचं ओझं पडलं की उभ्या गाडीला थोडी जास्त हवा लागते. ती देणारी वाट काजळीने बुजली होती. इतरांनी एसी न लावताच गाडी पाहिली होती. तासाभरात त्याने ती वाट साफ केली.

पण गाडी लगेच देण्याची त्याची पद्धत नव्हती. एसी लावून, गिलास ठेवून तीन मिनिटं पाणी सांडलं नाही, तरच गाडी मिळायची. पुढे एका शुक्रवारी मी घाई केली, "बाबा गाडीत बसलेत, सुधाकर!" तर त्याने हातातल्या पान्याने खिडकीची काच वाजवली आणि म्हणाला, "म्हणूनच." त्या दिवशी गिलासही गाडीतच ठेवायला दिला. "तुह्या वहीपेक्षा बरा हाय."

गिलासावर नाव कोरलेलं आहे: 'चि. सुधाकर यांस मामाकडून'. त्याच्या लग्नातला. तेराव्याला मी तो परत करायला नेला. वहिनींनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि गिलास माझ्याच हातात ठेवला. "राहू द्या. बाबायले न्या लागते ना तुम्हाले."

गेल्या शुक्रवारी दोन गतिरोधकांवर गाडी पुन्हा थरथरली. तो करायचा तशी ती हवेची वाट जमेल तेवढी मी स्वतः साफ केली. बरोबर केलं की नाही, सांगणारं कोणी नाही. आज मंगळवार. अंगणात गाडी चालू केली, एसी लावला, गिलास काठोकाठ भरून इंजिनावर ठेवला. आतला टीव्ही बंद करायला सांगितला. बाबा शाल घेऊन ओट्यावर तयार बसले होते. त्यांनी गिलासाकडे बोट दाखवत विचारलं, "काय म्हणते सुधाकर?"

पाणी डोलत होतं, काठापर्यंत येत होतं, सांडत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं दहा सेकंद.

"थांबा, बाबा," मी म्हणालो. "अजून त्याचं ऐकून व्हायचंय."