पालथा फोन

मराठेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बूट काढायचे, मग खिशातला फोन काढून घरच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हे माझं लफडं सांभाळ. निघताना देशील. त्याआधी मागितला तर खुशाल हाकलून दे." कोट काढणं, "कसे आहात?" विचारणं, हे सगळं त्यानंतर.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा विनोदी दिसतोय. साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात ते सगळ्यांत थोरले. हाडांचे सर्जन म्हणून निवृत्त झालेले, धिप्पाड, आवाज खणखणीत. माझा नवरा शेखर त्यांच्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, त्यामुळे ओळख. त्या दिवशी भारताची मॅच होती. पुरुषमंडळी टीव्हीसमोर बसली आणि काका तडक किचनमध्ये आले.

"लसूण दे सोलायला. आणि इथे कुणी स्कोअर सांगायचा नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. "अगं, मी जुगारी आहे. ऑनलाइन. क्रिकेटवर राहतं घर घालवलं. म्हणून मॅच असली की एकटा राहत नाही, आणि फोन जवळ ठेवत नाही."

आपल्याला डायबिटीस आहे असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. किचनमधल्या बायका उगाच भांडी पुसू लागल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी माझा फोन पालथा पडला होता. पाहुणे यायच्या आधी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मी त्याच्यावर खेळतच होते.

माझं क्रिकेट नव्हतं. स्क्रीनवर रंगीत फळांची चक्रं फिरतात, पैसे लावून ती फिरवायची. मी फार्मसीत काम करते, दुपारी घरी येते. मुलगी मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत, शेखर ड्यूटीवर. सुरुवात गंमत म्हणून झाली. पुढे पुढे मी बाथरूममध्ये नळ सोडून खेळत बसू लागले. मुलीसाठी बाजूला टाकलेली रक्कम त्यात गेली आणि शेखरला त्याचा पत्ताही नव्हता. स्वतःची किळस यायची, आणि किळस आली की ती विसरायला पुन्हा खेळायचे. इतकी मी मूर्ख!

काका मॅचच्या दिवशी येत राहिले. हॉलमधून कुणी ओरडायचं, "काका, बायकांत काय बसलाय?" ते तिथूनच उत्तर द्यायचे, "तुमच्यात बसलो तर माझ्या बायकोला रस्त्यावर बसावं लागेल!" लोक हसायचे, आणि ते गेल्यावर त्यांच्याबद्दल कुजबुजायचे. मीही त्या कुजबुजीत मान डोलवायचे.

एकदा किचनमध्ये आम्ही दोघंच होतो. सुरी खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "सुनीता, फोन पालथा ठेवणारा माणूस मला लांबून कळतो. घरात बायकोसमोर, नलिनीसमोर, मी कित्येक वर्षं तसाच ठेवत होतो."

"काहीतरीच काय, काका! मी पैशांचं लिमिट लावून खेळते," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"लिमिट लावलंस ते चांगलंच केलंस. वाढवून घेतलंस?"

मी लसणाच्या साली गोळा करू लागले.

"वाढवायला सांगितलं की साइटवाले एक दिवस थांबायला लावतात. तेवढ्या वेळात तुला दुसरं काही सुचतं?"

"नाही," मी म्हणाले, आणि माझा बांध फुटला.

त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, समजूतही काढली नाही. "मोडलेलं हाड नुसत्या निश्चयानं जुळत नाही," ते म्हणाले. "आधी त्याचं हलणं बंद करायचं. तुला प्लास्टर घालू या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाड्याच्या घरात डायनिंग टेबलाशी बसून ते प्लास्टर घातलं. स्वतःवरच बंदी घालून घ्यायची एक नोंदणी असते, तिनं इथल्या जुगाराच्या सगळ्या साइट्स मला बंद झाल्या. बँकेच्या ॲपवर जुगाराचे व्यवहार अडवून टाकले. मग काकांनी हेल्पलाइनचा नंबर लावून दिला आणि स्वतः उठून बागेत गेले. मी सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. मराठीत 'जुगार' हा शब्द माझ्या तोंडून फुटलाच नसता. पुढे फुकट उपचार मिळणाऱ्या क्लिनिकलाही जाऊ लागले. शेखरला सांगायचे, योगा क्लासला जाते.

काकांना हे मुळीच पसंत नव्हतं. दर वेळी लसूण सोलता सोलता विचारायचे, "नवऱ्याला एक्स-रे दाखवलास?"

"तुम्हीच सांगा ना, काका."

"हाड तुझं आहे. तूच दाखवायचं."

एकदा ते आले आणि त्यांनी माझ्या हातात दोन फोन ठेवले. "हा दुसरा नलिनीला चोरून घेतला होता. काल घसरलो." एवढा मोठा माणूस आमच्या किचनमध्ये लहान पोरासारखा रडला. लसूण तसाच राहिला. निघताना म्हणाले, "लाज अजून वाटते गं. पण सकाळी नलिनीला सांगितलं, तर निम्मी तिनं उचलली. तू सगळी एकटी वाहतेस."

तरी मी शेखरला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

आम्ही भेटायला गेलो. नलिनीकाकूंनी दार उघडलं. पॅसेजमध्ये सगळी ओळखीचीच माणसं होती, आमच्या हॉलमध्ये बसून काकांना हसणारी. मी बूट काढले. कोटाच्या खिशातला फोन काढला आणि काकूंच्या हातात ठेवला.

"काकू, हा सांभाळा. निघताना द्या."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तो फोन छातीशी धरला. पॅसेजमधली कुजबुज थांबली. मागे शेखर बुटाची लेस सोडायला वाकला होता, तो तसाच वर बघत राहिला.

"अगं, हे काय? तू कुठे क्रिकेट बघतेस?"

"क्रिकेट नाही, शेखर," मी म्हणाले. "पण मीही जुगारी आहे."