पोलिसाचं ‘व्हय म्हाराजा’

गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते आणि आमच्या आरोंद्याहून खाडी ओलांडली की गोवाच. म्हणून गावात एक गुप्त पोलीस येऊन राहिला. काजूचा व्यापारी म्हणून त्याने खोली घेतली, पण भर हंगामात एक काजू विकत घेईल तर शपथ! मासेवालीसुद्धा त्याला खुशाल विचारायची, “पोलिसानूं, बांगडे होये?”

माहितीसाठी त्या गृहस्थाला फारसं हिंडावं लागत नसे. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, ज्याचं जे मागणं असेल ते देवाला खणखणीत आवाजात सांगतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. देवापासून काय लपवायचं? बाजूला कोण उभं आहे ते कोणी बघत नसे.

माझी विधवा आत्या खाडीपलीकडे एकटी होती. जाण्यायेण्याला बंदी होती, तरी मी होडीने तिला तांदूळ पोचवायचो. आई प्रत्येक खेपेआधी गावकाराला आपल्या झिलासाठी, म्हणजे मुलासाठी, गाऱ्हाणं घालायला लावी.

“म्हाराजा, हिचो झील पलीकडे जाता. थयल्या पोर्तुगीजाची आणि हयल्या पोलिसाची नजर त्येच्यार पडाक देव नको!”

“व्हय म्हाराजा!”

त्यात व्यापाऱ्याचाही आवाज असायचा.

पुढे तारखात्यात माझी निवड झाली, पण नेमणुकीचा हुकूम येईना. सावंतवाडीच्या कचेरीतला ओळखीचा कारकून म्हणाला, “पोलिसांनी तुमच्याबद्दल वाईट कळवलंय. चोरून गोव्यात जाता म्हणे.” माझं डोकंच फिरलं. आत्याला तांदूळ दिले म्हणून मी देशद्रोही? वडील नव्हते, घर माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं. मी तडक आमदारांना गाठलं.

आमदार भला माणूस. त्यांनी खरोखरच विधानसभेत प्रश्न विचारला आणि परत आल्यावर देवळाच्या पायरीवर बसून आम्हाला हकिकत सांगितली.

“मंत्री म्हणाले, माहिती कोण जमवतो, कोणाची जमवतो, हे सांगणं जनहिताचं नाही. मी विचारलं, चुकीची असली तर दुरुस्त कोण करणार? तेवढ्यात वेळ संपली.”

“कोण जमवता ता माका विचारा!” मासेवालीने सरळ खांबाला टेकलेल्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवलं. आमदार घाईघाईने देवाच्या पाया पडायला आत गेले.

गावकार उठला. “मुंबयच्या सभेत जमाक नाय, तर आमच्या सभेत इचारूया,” म्हणत त्याने देवापुढे हात जोडले. “म्हाराजा, ह्यो पोरगो आत्येक तांदूळ पोचवता, दुसरा कायेक करणा नाय. जेणी कोणी वायट वर कळवल्यान आसात, तेका खरा काय ता परत कळवची बुद्धी दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं. व्यापारी तेवढा गप्प. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. शेवटी त्याने घसा खाकरला आणि एकट्यानेच म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

पावसाळ्याआधी हुकूम आला. श्रेय आमदारांनी घेतलं, आणि आम्ही ते आनंदाने दिलं. नेमणूक मात्र पार विदर्भात! निघायच्या दिवशी आई नारळ घेऊन देवळात आली. व्यापारी नेहमीच्या खांबाशी होता. या वेळी ती गावकारासाठी थांबली नाही, स्वतःच बोलली.

“म्हाराजा, माझो झील परमुलखात एकटो जाता. आता पोलिसांची नजर त्येच्यार रव्हांदे.”

व्हय म्हाराजा म्हणणारा पहिला आवाज खांबाकडून आला.